एका हाताचा चुडा

“अंगठा आत घे. आत म्हणजे तळहातात, केतू! मला काय अंगठा दाखवतेस?”

“काकी, दुखतंय.”

“दुखणारच. नवरीला काय गुदगुल्या होतात?”

“नवऱ्या रडतातच की!”

“त्या सासरी जायचं म्हणून रडतात. बांगडीपायी रडली तर तो कासार कसला?” असं म्हणत शैलाकाकीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, जरासा पिळला, वरून बांगडी ढकलली आणि कट्! हिरवीगार बांगडी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दोन तुकडे होऊन खाली पडली.

“वाढली,” मी म्हणाले.

“वाढली,” काकी म्हणाली. “चौथी.”

आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. दुसरा शब्द तोंडातून निघाला तर आई हातातलं लाटणं उगारते. आम्ही परांड्याचे कासार, बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. दुकानामागे माल ठेवायची एक खोली आहे. त्या खोलीत, माझी शाळा सुटल्यावर, रोज अर्धा तास आमचं हे चाललेलं असायचं. मी आठवीत होते. आता अकरावीत आहे, वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आलेय, आणि गावातल्या बायका मला ‘लोण्याच्या हाताची पोरगी’ म्हणतात. पैकी वक्तृत्वाचं श्रेय माझं आहे. लोण्याच्या हाताचं काय ते सांगते.

तो हात आधी शैलाकाकीचा होता. काकी म्हणजे माझी चुलती, पप्पांच्या धाकट्या भावाची बायको. साबण लावून बांगडी कुणीही चढवतं, काकी कोरड्या हातावर चढवायची, तीही इतकी घट्ट मापाची, की बाई म्हणायची, “अगंबाई, गेली पण?” गावातल्या निम्म्या लेकी तिच्या हातचा चुडा भरून बोहल्यावर चढल्या. मग बापूकाका, म्हणजे तिचा नवरा, आजारी पडला. तो आमचा माल टेम्पोत घालून जत्रा-जत्रांतून फिरायचा. दीड वर्षात तो गेला. लोकांना आम्ही टीबी सांगितलं. टीबी झालाच होता, पण टीबीच्या मागे एचआयव्ही होता, आणि तो काकीच्याही रिपोर्टात निघाला. काकी वर्षभर अंथरुणावर होती. वजन इतकं उतरलं, की तिच्या स्वतःच्या हातातल्या बांगड्या झोपेत गळून पडायच्या. त्या तिनं एक दिवस काढूनच ठेवल्या. नवरा गेल्यावरही कुणी काढायला लावल्या नव्हत्या. आमच्या घरात ती पद्धत पप्पांनी बंद केली होती.

मग गोळ्या लागू पडल्या. काकी उठली. खायला लागली, माझ्यावर ओरडायला लागली, म्हणजे बरी झाली. फक्त बोटांना मुंग्या यायच्या आणि हात मधेच हलायचा. म्हणून ही तालीम. माझा हात तिची पाटी होती.

त्यातून एक फायदा असा झाला, की बांगडी कशी चढते हे माझ्या हाताला आतून कळायला लागलं. बाई कुठं आखडते, हाड कुठं अडतं, कधी थांबायचं. एका दुपारी मी म्हटलं, “आता मी तुझ्या हातात भरते.” काकीनं हात पुढं केला. मी दोन-चार मापाची बांगडी पहिल्या झटक्यात चढवली.

काकी हाताकडं बघत राहिली.

“कुणी शिकवलं?”

“तूच की! चार महिने माझे हाल करतेयस.”

“हात आहे तुला,” ती म्हणाली, आणि बांगडी हळूच उतरवून परत जुडीत ओवली. मी दोन दिवस हवेत होते.

तेव्हाच्या दिवसांत दर महिन्याला काकी गोळ्या आणायला धाराशिवला, जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या सेंटरवर जायची. पप्पा दुकान सोडून जाऊ शकत नसत, आईला एसटी लागते, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जायचे. तिथल्या समुपदेशक मॅडम फार छान होत्या. इतर मोठी माणसं मला बाहेर बस म्हणायची. त्या म्हणाल्या, “बस गं इथंच. तुला काय विचारायचंय?”

मला विचारायचंच होतं. “मॅडम, काकीला पुन्हा बांगड्या भरायच्यात. पण काच असते. बोट कापतं. मग?”

“बोट कापल्यावर तुम्ही काय करता?”

“तोंडात घालतो.”

“ते आधी बंद करा,” मॅडम हसल्या. “हात धुवायचा, पट्टी लावायची, रक्त लागलेले तुकडे कागदात गुंडाळून टाकायचे, आणि पुन्हा कामाला बसायचं. हे काकींसाठी वेगळं नाही, सगळ्यांसाठीच आहे. आणि शैलाताई, हा तुमचा रिपोर्ट. विषाणू मोजता येत नाही इतका कमी झालाय. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि घरात बसायचं नाही. कामाला लागा.”

काकी मान हलवत राहिली. येताना एसटीत खिडकीशी बसली. गोळ्यांच्या बाटलीत तिनं कापूस कोंबला होता, वाजू नये म्हणून. कुर्डुवाडीचा फाटा आला. मग म्हणाली, “मॅडम खोटं नाही बोलत. पण मॅडमच्या हातात पेन असतं. माझ्या हातात बाईचा हात असतो.”

मी त्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात भाषण तयार होत होतं.

ते मी त्याच संध्याकाळी जेवताना ठोकलं. मुद्देसूद. रिपोर्ट, मॅडम, पट्टी, सगळं. पप्पा भाकरी मोडत ऐकत होते. आई म्हणाली, “झालं तुझं? मी काय वाईट आहे का? तिचं ताट वेगळं केलं मी कधी? कप वेगळा केला? सांग की गं शैला, केला?”

“नाही ताई,” काकी म्हणाली.

“पण काच ती काच. उद्या एखादीला काही झालं, अगं व्हायला कशाला पाहिजे, नुसतं वाटलं तरी, आपल्या दारात कोण हात पुढं करील?”

“ताई बरोबर बोलतात,” काकी म्हणाली.

“तू गप्प बस गं!” मी काकीला म्हटलं, आणि सगळे हसले. काकीसुद्धा. त्या हसण्यात आई थोडी विरघळली. ठरलं असं, की काकीनं दुकानात बसायचं. प्लॅस्टिकच्या, धातूच्या, लाखेच्या बांगड्या दाखवायच्या. काचेला हात लावायचा नाही.

मला वाटलं, जिंकले! चार-पाच महिने काकी गल्ल्याच्या उजव्या बाजूला बसली. ओळखीच्या बायका यायच्या, आपसूक तिच्यापुढं हात करायच्या. “शैलाबाई, तुम्हीच भरा ओ.” काकी म्हणायची, “हात दुखतोय माझा. ताई भरतील.” रोज दुखणारा तो हात ती मांडीवर पालथा घालून बसायची. आणि आईच्या हातून एखादी बांगडी वाढली की काकीची बोटं पदराच्या आत हलायची. मला दिसायचं.

मग माघात रोहिणीताई शेटे आल्या. भुसार आडतवाल्या शेट्यांच्या घरच्या. त्यांची धाकटी, स्नेहल, तिचं लग्न ठरलं होतं.

“चुडा आमच्या घरी भरायचाय,” त्या म्हणाल्या. “आणि शैलाताईच पाहिजेत. थोरलीचा त्यांनीच भरला. सोन्यासारखा संसार चाललाय तिचा.”

आई म्हणाली, “अहो, तिचा हात आता पहिल्यासारखा...”

“मी सगळा विचार करून आलेय,” रोहिणीताई म्हणाल्या. आवाज वर गेला नाही, खाली आला. त्यांनी काकीकडं बघितलं. “याल ना?”

काकीनं आईकडं बघितलं. आईनं पप्पांकडं. पप्पा जुडीला दोरा बांधत होते. दोरा बांधून झाला तसे ते म्हणाले, “येईल.”

त्या आठवड्यात आमच्या खोलीत जत्रा भरली म्हणायला हरकत नाही. मी आमची योजना आखली. मला योजना आखायला फार आवडतं. मी काकीच्या डाव्या हाताला पाण्याचा तांब्या घेऊन बसायचं. माझ्या कुर्त्याला आईकडून हट्टानं शिवून घेतलेला खिसा होता, त्यात पाच पट्ट्यांचं पाकीट. काकीचं बोट कापलं, तर तिनं कुणाला कळू न देता म्हणायचं, “केतू, पाणी.” मी पाणी द्यायचं आणि ओंजळीआड पट्टी द्यायची. ती हात धुणार, पट्टी लावणार, पुन्हा बसणार. कासाराचं बोट कापतंच, त्याला कोण विचारतं? आम्ही तिच्या अंगठ्यावर लाल पेनानं ठिपका काढून तालीम केली. तीन वेळा. तिसऱ्या वेळेस मी शाळेतल्या कांबळे बाईंचा आवाज काढून म्हटलं, “शैला कासार, तुम्हाला रक्त आलं आहे का?” काकी इतकी हसली, की जुडी मांडीवरून घसरली. एकही वाढली नाही. हा शकुन आहे, ती म्हणाली.

चुड्याच्या दिवशी काकी चॉकलेटी रंगाची, बारीक काठाची साडी नेसली होती. शेट्यांच्या अंगणात मांडव घातलेला. मधे पाट, पाटावर स्नेहल, समोर आमची सतरंजी. भोवती तीस-चाळीस बायका, लेकरं, चहा. आमच्याकडं रीत अशी, की नवरी एकदा पाटावर बसली, की दोन्ही हात भरल्याशिवाय उठत नाही. एका हाताचा चुडा घेऊन उठली तर फार अशुभ. उजव्या हातात अकरा, डाव्यात दहा. आणि शेवटी नवरी कासाराच्या पाया पडते. वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. त्या घटकेला कासार मोठा.

काकीनं स्नेहलचा उजवा हात हातात घेतला. डोळे मिटले. मला वाटतं, ती हाताशी बोलत होती. मग बांगड्या जायला लागल्या. एक, दोन, तीन. मी सांगते, मी त्यानंतर स्वतः शंभर चुडे भरलेत, पण तसं पुन्हा पाहिलं नाही. पाण्यात मासा जावा तशी बांगडी जात होती. बायकांची बडबड आपोआप थांबली. अकरावी गेली तसं रोहिणीताईंनी डोळे पुसले.

“घट्ट झाल्या का गं?” काकीनं विचारलं.

“कळल्यासुद्धा नाहीत, काकी,” स्नेहल म्हणाली.

काकीनं माझ्याकडं बघितलं. वर्षभर अंथरुणावर पडलेली काकी मी ओळखत होते, तिच्या आधीचीही ओळखत होते. ही तिसरीच होती. डावा हात घेताना ती पुटपुटली, “मुंग्या गेल्या बघ केतू.”

डाव्यात दोन गेल्या. तिसरी अंगठ्याच्या हाडापाशी आली होती, तेव्हा स्नेहलची आत्या पुढं सरकली. सोलापूरहून आली होती, नाकात मोठी नथ, आवाज लाऊडस्पीकरसारखा.

“कासारीणबाई, हात गोड आहे हो तुमचा. मालक नाहीत ना तुमचे? काय झालं होतं त्यांना?”

“टीबी,” काकी म्हणाली.

“टीबीच होता ना नक्की? आमच्याकडं वेगळंच ऐकलं.”

“वन्सं, चहा घ्या ना,” रोहिणीताई म्हणाल्या.

कट्.

बांगडी वाढली. एवढंच झालं असतं तर नवल नव्हतं; चुड्यात एखादी वाढते, बायका “इडापिडा गेली” म्हणतात. पण काच काकीच्या अंगठ्यात गेली. रक्ताचा एक थेंब स्नेहलच्या मनगटाजवळ, हिरव्या बांगडीवर पडला. इवलासा. आमच्या लाल पेनाच्या ठिपक्याएवढा.

आणि काकी ओरडली.

“लांब व्हा! हात काढ! पोरी, हात काढ! तुला लागलं का? कुठं खरचटलं का? माझं रक्त लागलं का तुला?”

विस्तवाला बोट लागावं तसा तिनं स्नेहलचा हात झटकला. स्वतःचा हात पदरात कोंबला. पदराच्या चॉकलेटी रंगात डाग दिसला नाही, पण आता कशाला दिसायला हवा होता? मांडवात कुणीही उघड काही म्हटलं नव्हतं. तिनंच सांगितलं होतं, तीस-चाळीस बायकांना, एका दमात.

एक बाई आपलं लेकरू उचलून मागं गेली. मग दुसरी.

“बघा!” आत्या म्हणाली. “बघा, मी म्हणत नव्हते?”

स्नेहल रडत नव्हती. तिनं हात उलटसुलट करून बघितला. “मला काही लागलं नाही, आई,” ती म्हणाली. “खरंच नाही.”

“नाहीच लागलं,” रोहिणीताई म्हणाल्या. त्या पुढं आल्या, स्वतःच्या रुमालानं तो थेंब पुसला, रुमालाची घडी घातली. “बोट कापलंय शैलाताईंचं, एवढंच झालंय. कुणाकडं पट्टी आहे का? अगं, पट्टी आहे का कुणाकडं?”

एकीचीही पिशवी उघडली नाही.

काकीनं श्वास घेतला. मला दिसला तो. खांदे वर गेले, खाली आले. तिनं चेहरा माझ्याकडं वळवला आणि अगदी ठरल्यासारखं, तालमीत म्हणायची तसं, हळू म्हणाली, “केतू, पाणी.”

मी तांब्या पुढं केला. तिच्या अंगठ्यावर पाणी ओतलं. पाणी मातीत गेलं. तिची ओंजळ तशीच राहिली, उघडी.

“पट्टी कशाला शोधताय?” आत्या म्हणाली. “पुन्हा ह्यांनाच बसवणार की काय? पोरगी अर्धा चुडा घेऊन बसलीय पाटावर, उठता येईना तिला. ए मुली, तू कासाराचीच ना? तुला येतात का भरता?”

“येतात,” मी म्हणाले.

“मग बस.”

काकी सतरंजीवरून उठली. कुणी उठ म्हटलं नाही. मी तिच्या जागेवर बसले. सतरंजी गरम होती.

स्नेहलचा डावा हात मी घेतला. अंगठा आत. हाड कुठं अडतंय ते कळलं. थांबले, दाबलं, सोडली. तिसरी गेली. चौथी, पाचवी. सहाव्या बांगडीला मागून कुणी तरी म्हणालं, “अगंबाई, एवढीशी पोर!” आठवीला सगळ्या पुन्हा पुढं सरकल्या होत्या. दहावी गेली तेव्हा टाळ्या वाजल्या. चुड्याला टाळ्या वाजवतात का कधी? माझ्यासाठी वाजवल्या. एकही वाढली नव्हती. एवढी मोठी नवरी पाटावरून उठली आणि माझ्या पाया पडली. आत्यानं माझ्या ओटीत नारळ घातला, गालाला हात लावला. “लोण्याचा हात गं पोरी तुझा.”

रोहिणीताई मांडवाच्या खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

काकी बाहेर शेट्यांच्या पायरीवर बसली होती. अंगठा वर धरलेला, पदर गुंडाळलेला. मी नारळ घेऊन शेजारी बसले. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, उसाचं पाचट उडवत.

“वाढली का एखादी?” तिनं विचारलं.

“नाही.”

“आठच्या आठ?”

“आठच्या आठ.”

“अंगठ्याचं हाड आधी दाबलंस?”

“हो.”

“हं,” ती म्हणाली. “मग बरोबर.” अंगठ्यावरचा पदर आवळत म्हणाली, “पाया पडली का?”

“हो.”

“छान.” ती उठली. “चल. ताई वाट बघत असतील.”

घरी आईनं सगळं ऐकलं आणि ती रडली. मला वाटलं होतं ओरडेल. दुसऱ्या दिवसापासून दुकानात बायका आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं एक आली, उजवीकडच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, “नाहीत ना त्या? मग ठीक. केतकी भरते म्हणे चुडा?” त्यानंतर केतकीच भरते. शाळा सुटली की, रविवारी, लग्नसराईत तर सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधीही. काकी मागच्या खोलीत गेली. आलेला माल उघडायचा, तडा गेलेल्या बांगड्या वेगळ्या काढायच्या, उरलेल्या बारा-बारा ओवायच्या. सेंटरवरच्या मॅडमनी विचारलं तेव्हा काकीनं सांगितलं, “हो मॅडम, दुकानातच काम करते.” मॅडमनी वहीत लिहून घेतलं. ते खोटंही नव्हतं.

एक राहिलं सांगायचं.

चुड्याच्या दुसऱ्या दिवशी काकीनं माझा कुर्ता धुतला. मी अभ्यासाला बसले, तर टेबलावर, कंपासपेटीशेजारी, ते पाकीट ठेवलेलं. भिजून फुगलेलं. पाच पट्ट्या. पाचच्या पाच.

मी गोंधळले होते, असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. आठवीतली पोर, एवढ्या बायका, आत्याचा तो आवाज. पण मी गोंधळत नाही. मी माईकसमोर गोंधळत नाही, परीक्षकांसमोर नाही. रोहिणीताईंनी पहिल्यांदा पट्टी मागितली, तेव्हाच माझा हात खिशात गेला होता. बोटांना पाकिटाची कड लागली होती. आणि तेव्हाच मला दिसलं, की पाटासमोरची जागा रिकामी होणार आहे. काकीनं “पाणी” म्हटलं तेव्हा मी हात खिशातून काढला. रिकामा.

मला तो चुडा भरायचा होता. दुसरं काहीही नव्हतं.

गेल्या वर्षी रोहिणीताई स्नेहलच्या डोहाळजेवणासाठी बांगड्या न्यायला आल्या. तिच्या हातात मीच भरायच्या होत्या. निघताना दारात थांबल्या. “मला आधीपासून ठाऊक होतं गं, शैलाताईंचं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना विचारूनच बोलावलं होतं. त्या दिवशी एक पट्टी मिळाली असती ना, तर मी स्नेहलचा हात पुन्हा त्यांच्याच हातात दिला असता. सगळ्यांसमोर.” मी बांगड्यांचा डबा त्यांच्या पिशवीत नीट ठेवला.

या मार्गशीर्षात मी ठरवलं. मला ठरवायला फार आवडतं, हे मघाशी सांगितलंच. एका लग्नाचं बोलावणं आलं, तर मी त्या बाईंना ठासून सांगितलं, “चुडा भरू. पण एक हात मी भरणार, दुसरा माझी काकी. पटत असेल तर सांगा.” त्यांना पटलं नाही. त्या भूमच्या कासाराकडं गेल्या. पप्पा मान खाली घालून बसले. मला मात्र इतकं बरं वाटलं! मी धावत मागच्या खोलीत गेले आणि काकीला सगळं सांगितलं, हातवारे करून.

ती ओवत होती. हात थांबला नाही.

“मला विचारलंस का?”

“काय?”

“एक हात मी भरणार, हे सांगताना. मला विचारलं होतंस?”

मी वर उचललेले हात खाली घेतले.

“तुझं ओझं उतरावं म्हणून मी पाटासमोर बसू का, केतू?”

खोलीत बांगड्या ओवल्याचा बारीक आवाज येत राहिला. तिचा अंगठा मी बघत होते. ओरखड्याची खूणसुद्धा राहिलेली नाही तिथं. इतकं छोटं होतं ते.

“बस खाली,” ती म्हणाली. एक जुडी माझ्या मांडीवर टाकली. मी ओवायला लागले. सात-आठ जुड्या झाल्या असतील.

“मला वाटेल तेव्हा मी बसेन,” काकी म्हणाली. “वाटलं तर. तेव्हा भाषण करू नको. नुसती पट्टी दे.”

तिनं अजून म्हटलेलं नाही. प्रत्येक चुड्याला निघताना मी खिसा चाचपते. पाकीट असतं. पाचच्या पाच.